छत्तीस शून्ये

आमच्या बेळगावात उधारी नाकारायची ती दोन्ही भाषांत नाकारतात. एका दुकानात पाटी असते, 'आज रोख, उद्या उधार'. चार दुकाने पुढे गेले की तीच पाटी कानडीत भेटते, 'इंदु नगदु, नाळे उद्री'. दोन्ही पाट्यांतला उद्या कधीच उजाडत नाही, हे मराठी गिऱ्हाइकालाही ठाऊक असते आणि कानडी गिऱ्हाइकालाही. गंमत अशी की पाटी लावणारा दुकानदार त्याच पाटीखाली लाल बांधणीची वही उघडून कुणाच्या तरी नावावर तेल, साखर, तांदूळ मांडत बसलेला असतो. पाटी अनोळखी माणसासाठी, वही ओळखीच्यासाठी. ज्याचे नाव त्या वहीत चढते त्याला बाजारात पत असते.

हा 'पत' शब्दही आम्हा दोघा शेजाऱ्यांत सामाईक आहे. आपण पतपेढी म्हणतो, ते पत्तिन सहकारी संघ म्हणतात. गदगजवळच्या कणगिनहाळ गावी १९०५ साली सिद्धनगौडा पाटील यांनी शेतकऱ्यांची सहकारी पतसंस्था काढली. अशी ती देशातली पहिली मानली जाते. म्हणजे पत एकत्र करून ती वाटून घेण्याची कल्पना आमच्या या भागाला नवी नाही. नवी गोष्ट वेगळीच आहे. ती म्हणजे पतीचा आकडा. (या शब्दाची षष्ठी जरा अडचणीची आहे. मी घरात 'पतीचा आकडा' म्हटले की आई म्हणते, "माझ्या पतीचा आकडा मला ठाऊक आहे, तुझं तू बघ.")

दुकानदाराच्या वहीत आकडे असत, पण ते देण्याचे असत. माणसाचा आकडा नसे. आप्पांचा पगार सात तारखेला होतो, दिवाळीच्या महिन्यात बोनस येतो, पावसाळ्यात ओतकामाच्या ऑर्डरी घटल्या की ओव्हरटाइम बंद होतो, हे सगळे आमच्या किराणा दुकानदाराला न सांगता माहीत. त्याने कधी आप्पांना 'तुम्ही शंभरातले किती' असे विचारले नाही.

आता जी वही आहे ती खडेबाजारात नाही. ज्या बँकांशी आणि वित्तसंस्थांशी आपला व्यवहार असतो त्या सर्व आपली माहिती पतमाहिती कंपन्यांना कळवतात. भारतात अशा चार कंपन्या आहेत. त्यांतली सर्वांत जुनी सिबिल २००० साली स्थापन झाली, आणि लोकांच्या तोंडी तिचेच नाव बसले. जसे कुठलेही वनस्पती तूप असले तरी आज्जी 'डालडा'च म्हणते. या कंपन्यांसाठी २००५ साली स्वतंत्र कायदा झाला. सिबिलचा आकडा ३०० पासून ९०० पर्यंत असतो. नापास झालेल्यालाही तीनशे गुण देणारी ही एकमेव परीक्षा असावी.

मूळ कल्पना अमेरिकेतली. बिल फेअर हा अभियंता आणि अर्ल आयझॅक हा गणिती या दोघांनी १९५६ साली कंपनी काढली. माणूस कर्ज फेडील की नाही याचा अंदाज बँकेच्या साहेबाच्या चेहरेपट्टीवरील मतापेक्षा गणिताने चांगला करता येईल, असे त्यांचे म्हणणे. त्यांचा आज प्रसिद्ध असलेला 'फायको' आकडा १९८९ साली बाजारात आला. त्याचे ढोबळ वजन ते जाहीर करतात: वेळेवर फेड केली की नाही याला ३५ टक्के, देणे किती आहे याला ३०, खाती किती जुनी आहेत याला १५, आणि नवी कर्जे व कर्जांचे प्रकार यांना प्रत्येकी १०. आपल्या सिबिलने आपले नेमके सूत्र असे उघड केलेले नाही, पण घटक साधारण हेच आहेत. मी बी.कॉम.च्या तिसऱ्या वर्षाला असल्याने हे पाठ होते. पण पाठ असणे वेगळे आणि आप्पांना पटवणे वेगळे.

आप्पा उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत फोरमन. त्यांच्याजवळ दोन क्रेडिट कार्डे होती. एक २००९ सालचे, एक अलीकडचे. २००९ चे कार्ड कारखान्याच्या फाटकाजवळ टेबल मांडून बसलेल्या एका पोराने त्यांच्या गळ्यात घातले होते. आप्पांनी ते कपाटात ठेवून दिले. त्याच वर्षी आईच्या पोटाची शस्त्रक्रिया करावी लागली. मी तेव्हा चार वर्षांची, धाकटा भाऊ अंगावर पिणारा. पैसे रात्रीत भरायचे होते, आणि रात्री दहाला कुठली पतपेढी उघडी असते? ते कार्ड काढले गेले. साठ हजार रुपये. त्या वेळी आप्पांचा पगार चौदा हजार होता.

ते साठ हजार फिटायला तीन वर्षे लागली. महिन्याला तीन टक्के व्याज म्हणजे वर्षाला छत्तीसहून जास्तच पडते, कारण व्याजावर व्याज चढते. दरमहा पावणेतीन हजारांच्या आसपास भरत भरत साठ हजारांचे जवळजवळ लाख झाले. आईच्या दोन पाटल्या त्यात गेल्या. पण एकही हप्ता चुकला नाही. हे मी आठवणीने सांगत नाही, घरात ऐकलेले सांगते. आप्पा स्वतः त्याबद्दल बोलत नाहीत. कपाटातल्या त्या कार्डाला मात्र ते कधी 'कार्ड' म्हणत नसत. "ते" म्हणत.

पुढे पगार वाढला, तशी बँकेने त्या कार्डाची मर्यादा आपणहून वाढवत नेली. ती एक लाख वीस हजारांवर गेली. दुसरे कार्ड पेट्रोल, किराणा, गॅस यांसाठी घेतलेले, त्याची मर्यादा चाळीस हजार. घरचा बहुतेक खर्च, महिन्याला अठरा हजारांपर्यंत, त्या दुसऱ्या कार्डावर होई आणि बिल आले की आप्पा पूर्ण भरून टाकत. जुने कार्ड विजेच्या बिलापुरते. त्याची वार्षिक फी मात्र ९९९ रुपये, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ११७९ रुपयांना पडे.

२०२५ च्या जूनमध्ये भावाला हुबळीला अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला. शैक्षणिक कर्ज काढायचे ठरले, सहा लाखांचे. विद्यार्थ्याची स्वतःची पत कुठली? आप्पा सहकर्जदार, म्हणून बँक त्यांचा अहवाल बघणार. हे ऐकल्यावर आप्पांनी पहिली गोष्ट ठरवली ती ही, की कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी 'ते' बंद करायचे.

"नवं देणं अंगावर घ्यायच्या आधी जुनं दार लावून घ्यावं," ते म्हणाले.

"आप्पा, त्याच्यावर देणं कुठाय? शून्य आहे की."

"देणं नाही, पण देणं करायची सोय आहे नव्हे? एक लाख वीस हजारांची. बँकवाला काय म्हणेल? हा माणूस कधीही लाखभर उचलेल म्हणेल."

शहाण्या माणसाने असाच विचार करावा. दुकानदाराच्या वहीच्या जगात तो शंभर टक्के बरोबर आहे. ज्याची चार दुकानांत खाती त्याला पाचवा दुकानदार उधार देत नाही. पण आकड्याचे जग नेमके उलटे चालते, आणि ते आप्पांना सांगण्याचे काम माझ्यावर आले.

मी वहीच्या मागच्या पानावर गणित मांडले. दोन्ही कार्डांची मर्यादा मिळून एक लाख साठ हजार. त्यातले वापरलेले अठरा हजार. म्हणजे वापर सव्वाअकरा टक्के. जुने कार्ड गेले की मर्यादा उरली चाळीस हजार, वापर तोच अठरा हजार, म्हणजे पंचेचाळीस टक्के. आप्पांनी एक रुपयाही जास्त खर्च केला नाही, तरी कागदावर ते गळ्यापर्यंत कर्जात बुडालेले दिसणार. हा वापर तीस टक्क्यांच्या आत ठेवावा असे जाणकार सांगतात.

"पण मी तर बिल पूर्ण भरतो," आप्पा म्हणाले.

हीच तर मेख आहे. बँक जी थकबाकी कळवते ती बहुधा बिल निघते त्या वेळची. आपण ती नंतर पूर्ण भरली, व्याज एक पैसा लागले नाही, तरी कळवलेला आकडा अठरा हजारच असतो. आरशात माणूस ज्या क्षणी डोकावतो त्या क्षणाचाच दिसतो. मग तो केस विंचरून आला काय नि झोपेतून उठून आला काय.

दुसरा मुद्दा वयाचा. ते कार्ड आप्पांच्या खात्यांतले सर्वांत जुने. इथे एक समज फार पसरला आहे, की खाते बंद केले की त्याचा इतिहास त्याच दिवशी पुसला जातो. तसे नाही. बंद खातेही अहवालात राहते, उघडल्याची आणि बंद झाल्याची तारीख घेऊन. अमेरिकेत तर चांगल्या स्थितीत बंद केलेले खाते दहा वर्षांपर्यंत अहवालात राहते आणि फायकोच्या गणितात त्याचे वय तोवर धरले जाते. तेव्हा बंद करण्याचा झटका बसतो तो प्रामुख्याने मर्यादा घटण्याचा. वयाचा परिणाम सावकाशीचा.

मी अहवाल मागवला. प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो, तसा रिझर्व्ह बँकेचा २०१६ चा आदेशच आहे. आणि आपला अहवाल आपण पाहिल्याने आकडा कमी होत नाही. आकडा होता ७८८. मी तो छापून आणून आप्पांच्या पुढे ठेवला. जुन्या कार्डाच्या रकान्याखाली महिन्यांचे चौकोन होते, मागच्या छत्तीस महिन्यांचे. फेडीला किती दिवस उशीर झाला ते त्या प्रत्येक चौकोनात लिहिलेले असते. आप्पांच्या प्रत्येक चौकोनात '०००'. छत्तीसच्या छत्तीस. आप्पांनी चष्मा लावून ते सगळे मोजले. फाउंड्रीत ते ओतलेला प्रत्येक नग असाच मोजतात.

"एवढी शून्ये तर तुझ्या भावाच्याही प्रगतिपुस्तकात नव्हती," ते म्हणाले. घरात हशा झाला. भाऊ सोडून.

मग त्यांनी विचारले, "आणि त्या तीन वर्षांचं?"

त्या तीन वर्षांचे चौकोन नव्हते. छत्तीस महिन्यांच्या मागचे तिथे दिसत नाही. उघडल्याची तारीख होती: २००९. बस्स. पाटल्या नव्हत्या, रात्रीचे दहा नव्हते. मला तेव्हा कळले की आप्पा आणि मी एकाच कार्डाबद्दल बोलत नव्हतो. माझ्या लेखी ते त्यांच्या सचोटीचे सर्वांत जुने प्रमाणपत्र होते. त्यांच्या लेखी ते घरात ठेवलेले त्या रात्रीचे बिल होते. सोळा वर्षे ते कपाटात राहिले, आणि आता मुलाच्या शिक्षणासाठी बँकेत जाताना त्यांना ते बरोबर न्यायचे नव्हते. पंचेचाळीस टक्के हे त्याला उत्तर नव्हे.

आज्जी इतका वेळ शेंगा फोडत ऐकत होती. ती म्हणाली, "नको वाटतंय तर टाकू दे की त्याला. घरात नको असलेली वस्तू कशाला?"

ठरले. बंद करायचे. माझी एकच अट आप्पांनी मानली: दुसऱ्या कार्डावरचा खर्च बिल निघण्याच्या दोन-तीन दिवस आधीच बराचसा भरून टाकायचा. अठरांतले बारा हजार आधी भरले की बिलात उरतात सहा, म्हणजे चाळीस हजारांवर पंधरा टक्के. खर्च तोच, पैसे तेच, फक्त तारीख अलीकडे. आप्पांना हे लबाडीसारखे वाटले. मी म्हटले, पाहुणे यायच्या आधी आपण ओसरी झाडतो की नाही? ते त्यांना पटले असे नाही, पण त्यांनी वाद घातला नाही.

बंद करणे मात्र वाटले तेवढे सोपे गेले नाही. बँकेचे नाव सांगत नाही. सगळ्यांचाच प्रकार साधारण हाच असावा. पहिल्या फोनला एका गोड आवाजाच्या बाईंनी वार्षिक फी माफ करते म्हणून सांगितले. दुसऱ्या फोनला मर्यादा दीड लाख करतो म्हणून सांगितले. फोरमन माणसाला तीस हजार जास्त कर्ज मिळण्याची लाच! आप्पा म्हणाले, "बाई, मी दार लावतोय, तुम्ही चौकट रुंद करताय." शेवटी मी लेखी अर्ज ईमेलने पाठवला आणि रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांचा उल्लेख केला. थकबाकी नसेल तर कार्ड बंद करण्याची विनंती सात कामकाजाच्या दिवसांत पूर्ण केली पाहिजे; नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाला पाचशे रुपये बँकेने ग्राहकाला द्यायचे. हे वाक्य टाकल्यावर गोड आवाज थांबला आणि काम झाले. त्याआधी विजेच्या शेवटच्या बिलाचे पैसे तेवढे भरायचे राहिले होते, ते भरले. कार्ड बंद करताना हे बघावेच लागते. वीस-पंचवीस रुपये जरी राहिले तरी त्यावर दंड, दंडावर कर, आणि वर्षाने कळते की आपण थकबाकीदार आहोत. 'काही येणे नाही' असे पत्र बँकेकडून घेऊन आप्पांनी ते रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवले.

या पत्रावरून आमच्या गल्लीतल्या एका गृहस्थांची गोष्ट सांगितली पाहिजे. २०२० च्या टाळेबंदीत त्यांचा धंदा बसला. कार्डावर ऐंशी हजार चढले. वसुलीवाला आला आणि म्हणाला, पस्तीस हजार भरा, प्रकरण मिटवू. त्यांनी भरले, पत्र मिळाले, त्यांनी पेढे वाटले. २०२३ साली स्कूटरसाठी कर्ज काढायला गेले तेव्हा नकार आला. अहवालात त्यांचे खाते 'क्लोज्ड' नव्हते, 'सेटल्ड' होते. इंग्रजीत दोन्ही शब्द सभ्य दिसतात, पण एकाचा अर्थ हिशेब पुरा झाला आणि दुसऱ्याचा अर्थ बँकेने पंचेचाळीस हजारांवर पाणी सोडले. पुढचा सावकार ते पाणी विसरत नाही. त्या गृहस्थांना हे तीन वर्षे कुणी सांगितलेच नव्हते. खाते बंद केल्याने आकडा किती घसरेल याची आपण चर्चा करतो; पण खाते कोणत्या शब्दाने बंद झाले हे त्याहून कितीतरी महत्त्वाचे आहे, असे मला तरी वाटते.

जुलैअखेर कार्ड बंद झाले. त्या महिन्यात भावाच्या वसतिगृहाचे सामान घेतल्याने दुसऱ्या कार्डाचे बिल ठरल्यापेक्षा जास्त निघाले, आधी भरूनही. ऑगस्टमध्ये बँकेने अहवाल काढला तेव्हा आकडा ७५९ होता. एकोणतीस गुण गेले. आप्पांनी 'का' म्हणून विचारले नाही, आणि मीही त्यांना वहीचे मागचे पान दाखवले नाही.

शाखेतले अधिकारी कानडी होते, आप्पांशी मराठीतच बोलले. पगाराचे कागद, प्रवेशाचे पत्र, अहवाल, सगळे चाळून त्यांनी विचारले, "हे इतकं जुनं कार्ड आत्ताच का बंद केलंत? चांगलं खातं होतं."

आप्पा थोडे थांबले. "काम झालं होतं त्याचं," ते म्हणाले.

अधिकाऱ्यांनी मान हलवली. त्यांच्या शाखेत सातशेच्या वर असले की पुढचे कागद बघतात, असे त्यांनी सांगितले. कर्ज मंजूर झाले. भाऊ हुबळीला गेला, आणि जाताना आज्जीने दिलेला कुंद्याचा डबा घरीच विसरून गेला.

त्यानंतर आप्पांनी बिलाच्या तारखेआधी पैसे भरण्याचा नेम सोडला नाही. सप्टेंबरात वापर पंधरा टक्क्यांवर आला, ऑक्टोबरात चौदावर. २०२५ पासून बँकांना पंधरा दिवसांनी तरी माहिती कळवावी लागत असल्याने बदल लवकर दिसू लागला. कर्जासाठी झालेल्या चौकशीची नोंद आणि नवे कर्ज ही दोन्ही वजने त्याच काळात अहवालात चढली होती, तेव्हा सगळे खापर बंद कार्डावर फोडता येत नाही. नोव्हेंबरात मी पुन्हा आकडा पाहिला. ७८१.

आप्पा दाढी करत होते. मी मोठ्याने आकडा सांगितला. त्यांनी वस्तरा थांबवला, आरशातूनच माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "मग उरलेले सात कुठं गेले?"